उघड्या मुळांच्या ‘ट्रीटमेंट’ला भुलू नका, आमचे ४२,२०० रुपये आणि गुलमोहोर दोन्ही गेले

लॉनमध्ये वर आलेली मुळं ‘ट्रीटमेंट’ करून सपाट करून देतो म्हणणारा कुणी दारात आला, तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. आमचे ४२,२०० रुपये गेले. सासऱ्यांनी लावलेला गुलमोहोर गेला, त्याचं दुःख पैशांपेक्षा मोठं आहे.

गुलमोहोराची मुळं वरवरच पसरतात. पाऊस माती धुऊन नेतो आणि मुळं उघडी पडतात. मनगटाएवढ्या मुळात पाय अडकून सासूबाई पडल्या, म्हणून माणूस बोलावला, हौस म्हणून नव्हे. शेजारच्या बंगल्यात त्याने काम केलेलं होतं, गाडीवर नर्सरीचं नाव होतं. कुणीही विश्वास ठेवला असता.

ॲडव्हान्स २२,०००. दोन ब्रास लाल माती १३,४००. मुळं ‘लॉक’ करणारी पावडर ६,८००. सगळे पैसे यूपीआयने, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. बिल मागितलं की, “काम झालं की एकदमच देतो ना, ताई.” बिलाआधी पैसे देऊ नका, कितीही ताई-ताई करू देत.

माती आली छोट्या हत्तीतून, एकाच खेपेत. हे आठवलं की आजही डोकं फिरतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दोन ब्रास मातीचं वजन सात-आठ टनांच्या घरात जातं, आणि त्या टेम्पोत टनभरही धड मावत नाही! मी पोर्चमध्ये उभी होते, टेम्पो डोळ्यांसमोर रिकामा होत होता, आणि हा मला मोबाइलवर कुठल्याशा फार्महाउसच्या हिरवळीचे फोटो दाखवत होता. तिथेच त्याला थांबवायला हवं होतं. पण बांधकामवाले सोडले तर ब्रासचा अंदाज असतो कुणाला?

त्याच्या माणसांनी बुंध्याजवळची जाड मुळं कुऱ्हाडीने तोडली. ओल्या, पांढुरक्या कापांवर पावडर फासली आणि लगेच माती लोटली. “उघडं ठेवलं तर कीड लागते.” पिशवीवर लेबल नव्हतं. उरलेल्या पावडरीवर नंतर मी लिंबू पिळलं, तर खडूवर येतो तसा फेस आला. ६,८०० रुपयांची!

बुंध्याजवळचं जाड मूळ कुणालाही तोडू देऊ नका, झाड त्याच्यावरच उभं असतं. मुळांवर फूटभर माती टाकली तर ती गुदमरतात. दोन-तीन इंच पालापाचोळा पुरतो, तोही बुंध्यापासून लांब. तिथे हिरवळीचा हट्टच सोडा, सावलीत वाढणारं काहीतरी लावा. हे मला एका म्हाताऱ्या माळीकाकांनी फुकट सांगितलं, पण सगळं होऊन गेल्यावर.

पावसाळ्यात झाड कंपाउंडकडे कललं. पालिकेत गेले तर, “पडलंय का? मग पडल्यावर या.” अर्ज दिला, पोच मागितली, ती देईनात. पुढे साहेब आले आणि मलाच विचारलं, मुळं तोडायला परवानगी घेतली होती का? १९७५ च्या झाडांच्या कायद्यात झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच धरतात, म्हणून नोटीस आमच्या नावावर! ज्याने कुऱ्हाड चालवली तो मोकळा. झाड उतरवायचे १६,५०० वेगळे गेले. पोलीस चौकीत, “हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा.” खोटी पावडर विकून पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तक्रार मात्र कुणीच लिहून घेतली नाही. माणसाने जायचं कुठे?

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवता येते, मी नोंदवली आहे. यूपीआयचे स्क्रीनशॉट, टेम्पोचा फोटो आणि पावडरीची पिशवी जपून ठेवली आहे. हाच माणूस आता पलीकडच्या सोसायटीत पत्रकं वाटतोय. तुमच्याकडेही असंच झालं असेल तर मला कळवा, एकत्र तक्रार करू.