लाईट गेली, तरी श्रोते अकराशेच

इंटरनेट रेडिओ चालवणाऱ्याची दुखरी नस एकच: आपलं कुणी ऐकतंय का? मला ज्या माणसाने गंडवलं त्याने नेमकी तीच दाबली. मधे बार्शी आणि पंढरपूरकडच्या दोघा-तिघांचे फोन आले. त्यांच्याकडेही असंच ‘ऑल इन वन पॅकेज’ घेऊन कुणीतरी जाऊन आलंय. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आमचं स्टेशन म्हणजे साखर पेठेत माडीवरची एक खोली. दोन माइक, एक मिक्सर, एक संगणक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला ठोकलेल्या चादरी. (सोलापुरात राहून त्यासाठी महागडा फोम विकत आणायचा म्हणजे चादरवाल्यांना तोंड दाखवायला नको.) सकाळी अभंग, संध्याकाळी मार्केट यार्डातले कांद्याचे भाव, आणि दुपारी आमचा खरा चालणारा कार्यक्रम: बिड्या वळणाऱ्या बायकांसाठी गप्पा. अर्ध्या मराठीत, अर्ध्या तेलुगूत. पूर्व भागात हात बिडीवर आणि कान मोबाइलवर, असं दुपारचं चित्र असतं. जाहिरातदार म्हणजे शेंगाचटणीवाले, साडीचं दुकान, एखादा क्लास. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत जरा बरे पैसे, एरवी जेमतेम भाडं निघतं.

अशात तो आला. आधी फोन, मग लॅपटॉप घेऊन स्वतः हजर. शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड, वाक्यागणिक ‘सर’. सर्व्हर आमचा, वेबसाइट आमची, ॲप आमचं, गाण्यांचं लायसन्स आमच्याकडे लागलं, तुम्ही फक्त बोला. वरून पहिल्या वर्षात हजार श्रोत्यांची हमी. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार, आगाऊ. लायसन्सचे पंचवीस हजार वेगळे.

महिन्याभरात त्याने एक पॅनेल उघडून दिलं. काळ्या पडद्यावर मोठा हिरवा आकडा. दर चार-पाच सेकंदांनी हलायचा: ११३८, ११४२, ११३५. संध्याकाळी चढायचा, रात्री अकरानंतर उतरायचा. बाजूला नकाशा, त्यावर लुकलुकणारे ठिपके. सोलापूर, पुणे, मुंबई, एक ठिपका दुबईवर. दुबईत आपलं कोण ऐकतंय यावर आमच्या खोलीत दोन दिवस चर्चा. एवढं बेमालूम काम होतं की आकडा नुसता वाढत राहिला नाही, गुरुवारी थोडा कमीही व्हायचा. खोट्यालाही चढउतार लागतो, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आणि मग एप्रिलमध्ये, भर दुपारी, लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच मान टाकलेली. संगणक बंद, राउटर बंद, चादरींच्या भिंतीत आम्ही घामाने निथळतोय. आमची ऑपरेटर मुलगी मोबाइलवर पॅनेल बघत होती. तिने फोन माझ्यापुढे धरला. “दादा, आपण बंद आहे की हो. मग ही लोकं काय ऐकालेत?”

११४६. थोड्या वेळाने ११५१.

हे का अशक्य आहे ते समजून घ्या, कारण हीच सगळ्यात सोपी परीक्षा आहे आणि तिला पैसा लागत नाही. आपला आवाज संगणकावरून सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर तो प्रत्येक श्रोत्याला वेगळा वाटतो. आइसकास्ट हे इंटरनेट रेडिओसाठीचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर. तशा सर्व्हरवर आपल्याकडून येणारा आवाज तुटला, आणि ‘फॉलबॅक’ म्हणून दुसरा काही आवाज लावून ठेवलेला नसला, की सगळे श्रोते तिथल्या तिथे बाहेर फेकले जातात. आकडा शून्यावर यायला हवा. आमच्याकडे फॉलबॅक नव्हता, कारण त्याचे तो जादा पैसे मागत होता! त्याच्या हावरटपणानेच त्याचं बिंग फुटलं.

संध्याकाळी लाईट आल्यावर भाच्याला बोलावलं, तो इंजिनिअरिंगला आहे. त्याने पॅनेलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा मूळ पत्ता टाकला आणि आइसकास्टचं स्वतःचं स्टेटस पान उघडलं. साधं, कसलीही सजावट नसलेलं पान. त्यात दोन ओळी असतात: आत्ताचे श्रोते आणि प्रसारण जोडल्यापासूनचे एका वेळचे सर्वाधिक श्रोते. पहिल्या ओळीत ७, दुसरीत ३१. त्या सातांत मी एक आणि ऑपरेटर मुलगी एक. त्याचं पॅनेल सर्व्हरला जोडलेलंच नव्हतं. वेळ बघून आकडा बनवणारा छोटासा प्रोग्राम होता तो, बस.

हिशेबानेही हे कळण्यासारखं आहे. आमचा आवाज ६४ केबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट या वेगाने जातो. म्हणजे एका श्रोत्याला तासाला साधारण २९ एमबी. अकराशे श्रोते म्हटले तर तासाला जवळपास ३२ जीबी. दिवसाला दहा तास एवढे लोक धरले तरी महिन्याला साडेनऊ टीबी, म्हणजे साडेनऊ हजार जीबी. आता होस्टिंगवाल्याकडून महिन्याचा डेटा किती वापरला गेला ते मागा. तो रिपोर्ट देत नसेल, किंवा “आपलं अनलिमिटेड आहे सर, ते बघायची गरज नाही” म्हणत असेल, तर उत्तर मिळालं. काही ठिकाणी याहून हुशार प्रकार चालतो म्हणतात: खरोखर मशीन जोडून श्रोते दाखवायचे. तिथे डेटा वापरला जातो, पण लॉग, म्हणजे कोण कुठून किती वेळ जोडलं होतं याची सर्व्हरवरची नोंद, मागितला की उघडं पडतं. शेकडो श्रोते एकाच प्लेअरचे, एकाच पट्ट्यातल्या आयपी पत्त्यांवरचे आणि सेकंदाला सेकंद तेवढाच वेळ ऐकणारे. माणूस असं ऐकत नाही. माणूस फोन आला की बंद करतो.

आता आकडा खोटा दाखवून त्याला काय मिळत होतं? अठ्ठेचाळीस हजार तर आधीच खिशात होते. पुढचा डाव जाहिरातीचा. लाईट जाण्याच्या जरा आधी मला एका ‘मुंबईच्या एजन्सी’कडून फोन आला होता. मोठ्या कंपनीची तीन महिन्यांची जाहिरात द्यायची आहे, पण श्रोतेसंख्येचं सर्टिफिकेट लागेल. व्हेंडरला, म्हणजे त्या पॅकेजवाल्याला, विचारलं, तर त्याच्याकडे सर्टिफिकेट तयारच! अठरा हजार. तेही दिले. त्यानंतर एजन्सीने नोंदणी फी मागितली, क्यूआर पाठवला. स्कॅन केल्यावर वर जे नाव आलं ते व्हेंडरच्या खात्याचंच. तोवर लाईटचा प्रकार घडून गेला होता, त्यामुळे ती फी वाचली. फोनवर दोन वेगळे आवाज, दोन वेगळ्या शहरांची नावं आणि खातं एक. म्हणून पैसे पाठवण्याआधी ॲपवर येणारं नाव नीट वाचा, कुणाच्या बोलण्यापेक्षा ते जास्त बोलतं. बिलावरचा जीएसटी नंबरही जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये टाका. लॉगिन लागत नाही. माझ्या बिलावरचा नंबर खरा होता, पण भलत्याच धंद्याचा, भलत्याच नावाचा.

लायसन्सचं मात्र जरा निगुतीने सांगतो, कारण इथे प्रामाणिक माणसंही गोंधळलेली असतात आणि दलाल त्याच गोंधळावर जगतात.

मला मिळालं ते जाड कागदावरचं प्रमाणपत्र, वर चार सिंहांची राजमुद्रा, खाली ‘ऑल इंडिया इंटरनेट ब्रॉडकास्ट लायसन्स’. राजमुद्रा अशी कुणीही वापरू शकत नाही, त्याविरुद्ध २००५ चा कायदा आहे. एफएमसाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते, कारण तिथे फ्रिक्वेन्सी वापरायची असते. इंटरनेटवर फ्रिक्वेन्सी नाही, तेव्हा एफएमसारखं लायसन्स आणून देतो म्हणणारा माणूस हवा विकतोय.

गाण्यांची परवानगी मात्र लागते, आणि ती एक नसते. गाण्याचे शब्द आणि चाल हा एक हक्क, ध्वनिमुद्रण हा दुसरा. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस ही नोंदणीकृत संस्था आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क सहसा संगीत कंपनीकडे असतो, तिच्याकडून किंवा तिने ज्यांना अधिकार दिलेत त्यांच्याकडून परवानगी घ्यावी लागते. “कॉपीराइट कायद्याच्या ३१डी कलमाखाली ठरावीक फी भरली की झालं, कंपनीला विचारायलाच नको,” असंही मला त्याने ऐकवलं. ते कलम रेडिओ आणि टीव्हीच्या प्रसारणासाठी आहे, इंटरनेटवरच्या सेवेला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक या प्रकरणात २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तेच कायम ठेवलं. आणि “जुनी गाणी फ्री असतात सर” हेही अर्धंच खरं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो. पण गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गाणं कितीही जुनं वाटलं तरी दोन्ही तारखा बघाव्या लागतात.

खऱ्या करारात आपलं नाव, स्टेशनचं नाव, मुदत, रक्कम आणि कोणाच्या गाण्यांसाठी आहे ते लिहिलेलं असतं. माझ्या त्या शाही कागदावर यातलं फक्त माझं नाव होतं, तेही चुकीच्या स्पेलिंगचं. आता आम्ही सिनेमाची गाणी पूर्ण बंद केली आहेत. भजनी मंडळांना बोलावतो, तुकोबा-नामदेवांचे अभंग पारंपरिक चालीत स्वतः ध्वनिमुद्रित करतो आणि मंडळाच्या प्रमुखाची लेखी संमती घेतो. मंडळं खूश आहेत, आपलं भजन नातवाच्या मोबाइलवर वाजतंय म्हणून चार माणसांना ऐकवतात.

भांडण झाल्यावर त्याने वेबसाइट उडवली. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर. प्ले स्टोअरवरचं ॲप त्याच्या डेव्हलपर खात्यात, म्हणजे त्याने स्वतः हस्तांतर केल्याशिवाय ते आपल्याकडे येत नाही. डोमेन सोडायचे वीस हजार मागितले. दिले नाहीत, नाव बदललं. व्हेंडर कितीही सज्जन असो, डोमेन आणि ॲपचं खातं आपल्या ईमेलवर उघडायचं, ओटीपी आपल्या मोबाइलवर यायला हवा, आणि मग त्याला काम करण्यापुरती परवानगी द्यायची. नाव विकत घेतलं की डोमेन कंपनीच्या खात्यात एकदा लॉगिन करून स्वतः बघायचं. एवढं सांगितल्यावर जो व्हेंडर तोंड वाकडं करेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

तक्रारीचं सांगतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला, जितका लवकर तितकं बरं, कारण समोरच्या खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात. सोबत यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक ठेवा. मी बराच उशिरा केला, तोवर खातं रिकामं. ठाण्यात आधी “हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत जा” असं ऐकायला मिळालं. खोटं प्रमाणपत्र, पॅनेलचे आणि स्टेटस पानाचे एकाच मिनिटाला काढलेले स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरची हजार श्रोत्यांची हमी हे सगळं छापून टेबलावर ठेवलं तेव्हा भाषा बदलली. सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे त्या कागदांतून दिसतं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, जुन्या ४२० च्या जागी आलेलं. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. धंद्यासाठी घेतलेली सेवा तिथे सहसा चालत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यापुरता उद्योग असेल तर २०१९ च्या कायद्यात त्याला जागा आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. माझी तक्रार तिथे चालू आहे.

जाहिरातदारांकडे जाऊन आकडा खोटा होता हे सांगणं सगळ्यात जड गेलं. साडीवाले मालक हसले. “अण्णा, आकडा बघून कोण जाहिरात देतंय हो? आमच्या घरात दुपारी तुमच्या त्या बाईचा आवाज लागतो, म्हणून दिली.” तेव्हापासून आम्ही आकडा सांगतच नाही. चटणीवाल्याच्या जाहिरातीत रोज एक शब्द सांगतो, तो दुकानात सांगितला की पाव किलोमागे दहा रुपये कमी. आठवड्याला वीस-पंचवीस जण तो शब्द सांगत येतात, बहुतेक बायका, दुपारच्या कार्यक्रमानंतर. चटणीवाल्याने वर्षाचे पैसे आगाऊ दिले. सर्व्हर आता आमचा स्वतःचा, भाड्याचा, महिना हजाराच्या आतबाहेर, त्यावर अ‍ॅझुराकास्ट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. भाच्याने बसवलं. आकडा तिथेच दिसतो, बिड्यांच्या वेळेला साठच्या आसपास, रात्री पाच-सहा.

त्या माणसाने कंपनीचं नाव बदललंय. लातूरच्या एका ओळखीच्याला त्याचा फोन आला होता. पॅकेजमध्ये आता पॉडकास्टही घातलंय आणि हमी दोन हजार श्रोत्यांची झालीय. त्या ओळखीच्याला मी एवढंच सांगितलं, डेमो बघायला बोलाव आणि तो पॅनेल उघडून बसला की जाऊन मेन स्विच पाड.