बक्षीसपत्र की मृत्युपत्र? दोन्ही करून पाहिल्यावर

बाबांच्या ठाण्याच्या फ्लॅटचं आम्ही बक्षीसपत्र केलं, म्हणजे तो त्यांच्या हयातीतच माझ्या नावावर झाला; आईच्या बदलापूरच्या वन रूम किचनचं मृत्युपत्र. मी वकील नाही, पण दोन्ही वाटा चालून झाल्यात.

बक्षीसपत्राचा मोह मला कळतो. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना किंवा नातवंडांना द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. दस्त नोंदला की विषय संपला. मागाहून वारसांच्या सह्या गोळा करत फिरायला नको. बाबांना पार्किन्सन्सचं निदान झालं तेव्हा जो तो म्हणाला, 'सही नीट येतेय तोवर उरकून घ्या.' उरकलं.

मग सोसायटीचं बिल आलं. इतकी वर्षं ते बाबांचं काम. चष्मा लावून पाणीपट्टी, सिंकिंग फंड एकेक रक्कम तपासायची, मग चेक लिहायचा. या वेळी वर माझं नाव होतं. त्यांनी ते न उघडता माझ्या ताटाशेजारी ठेवलं. 'तुमचं आलंय.' पोटच्या पोराला 'तुमचं'! आठवड्याभराने कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा मारून घ्यायचा होता, तर मला ऑफिसात फोन करून विचारलं, चालेल का.

कायद्यात यावर थोडी सोय आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ सांगतं, की सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. बक्षीसपत्र करणारच असाल तर ही अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्या. माझ्या घरी मात्र त्याचा उपयोग नव्हता. मी सांभाळत होतोच. रात्री तीनदा उठून बाबांची कूस बदलत होतो. वर ताई फोनवर म्हणायची, 'घर तुझं, मग तूच बघायचं ना?' तिचंही अगदीच चूक नसेल. पण केलेल्या प्रत्येक गोष्टीचे पैसे जणू आधीच घेऊन झाले होते. दमलोय म्हणायची सोय उरली नाही.

आईच्या वेळी म्हणून मृत्युपत्र. मुद्रांक शुल्क नाही, दोन साक्षीदार हवेत, नोंदणी ऐच्छिक. आम्ही नोंदणी केली, शेजारचे दोघे साक्षीला घेतले आणि मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही जोडला. तो कायद्याने लागत नाही, पण उद्या कुणी बोट दाखवलं तर बरा. मत बदललं तर दुसरं करता येतं. आईने एकदा केलंही. कशावरून, ते सांगितलं नाही.

भावंडं कोर्टात जाणार याची खात्रीच असेल तर बक्षीसपत्र कदाचित सोयीचं. मृत्युपत्रावरची भांडणं वर्षानुवर्षं चालतात. आणि विसराळूपणा वाढू लागला असेल तर जे करायचं ते लगेच करा, मन शाबूत असणं दोन्हीला लागतं.

बदलापूरचं बिल अजून आईच्याच नावाने येतं. चुकीची रक्कम दिसली की ती सेक्रेटरीला फोन लावते. ताई हल्ली शनिवारी रात्री आईजवळ झोपायला येते. मृत्युपत्रात काय आहे, हे तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही. तिच्या येण्याचा त्याच्याशी संबंध असेलही. मी विचारत नाही. शनिवारी मी झोपून घेतो.