खोकं ओरिजिनल, माल डुप्लिकेट

२१,३५० रुपये. क्लच सेट ६,४००, पुढचे ब्रेक पॅड २,३५०, डिस्कची जोडी ३,९००, लोअर आर्मची (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) जोडी ४,२०० आणि मजुरी ४,५००. हे सगळं गॅरेजवाल्याने माझ्या गाडीला ‘कंपनीचा ओरिजिनल माल’ म्हणून लावलं आणि वहीच्या फाडलेल्या पानावर लिहून दिलं. त्या पानावर गॅरेजचं नावसुद्धा नाही, खाली नुसती एक वेलांटी मारलेली सही.

शोरूमला का गेला नाहीत, हा प्रश्न घरच्यांनी विचारून झालाय. गाडी जुनी, वॉरंटी कधीच संपलेली, शोरूमचं एस्टिमेट ३२,००० च्या वर. आणि आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या याच गॅरेजला जातात. एवढ्या लोकांचा विश्वास असलेल्या माणसावर मी एकट्यानेच संशय घ्यायचा होता का?

मी लोकल माल मागितला नव्हता, हे नीट लक्षात घ्या. त्याने स्वतःच विचारलं होतं, ‘साहेब, ओरिजिनल टाकू का लोकल?’ मी ओरिजिनल म्हणालो आणि ओरिजिनलचेच पैसे मोजले. आफ्टरमार्केट माल, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या नव्हे तर दुसऱ्या मेकच्या नावाने विकला जाणारा, वाईटच असतो, असं माझं अजिबात म्हणणं नाही. गाडीची कंपनी ब्रेक पॅड स्वतः बनवत बसत नाही, पुरवठादाराकडून घेते. त्यातले बरेच पुरवठादार तसाच माल स्वतःच्या खोक्यात घालून बाजारात स्वस्त विकतात. तो सरळ व्यवहार आहे. बॉडी पॅनल, सेन्सर, एअरबॅग असल्या गोष्टी कंपनीच्याच घ्या, पण पॅड, फिल्टर, क्लच प्लेट नावाजलेल्या मेकची घेतलीत तर काही बिघडत नाही. मला लावलं ते यातलं काहीच नव्हतं. ज्यावर बनवणाऱ्याचं नावच नाही, असा माल होता.

आता ती खोकी. त्याने सगळी खोकी ओळीने बोनेटवर मांडून दाखवली. लोगो, होलोग्राम, एमआरपी, सगळं जिथल्या तिथे. मी फोटोही काढला, म्हणजे बघा किती काळजीने वागत होतो. तो फोटो अजून फोनमध्ये आहे आणि बघितला की डोकं फिरतं. लोअर आर्मची दोन खोकी आहेत, दोन्हींवर ‘आरएच’. उजवी बाजू. दोन्ही उजव्या! माझ्या गाडीचा डावा आर्म वेगळा आणि उजवा वेगळा, एकाच्या जागी दुसरा बसतच नाही. मी तेव्हा विचारलंही होतं, ‘दोन्हीवर आरएच कसं?’ तो हसला. ‘कंपनी छापते तसं, साहेब. माल बघा ना.’ आणि माल कुठे होता? गाडीखाली, बसवून झालेला. त्यात पॅडच्या खोक्याला आतून ग्रीसची बोटं उमटलेली. नव्या खोक्याच्या आत ग्रीस कुठून येईल? पण बाहेर पाऊस, ऑफिसातून दोनदा फोन, त्यात तो चहा मागवतोय. अशा वेळी कोण खोक्याच्या आत बोट घालून बघतं?

खोकी खरीच होती, हे नंतर कळलं. रिकामी खोकी भंगारातून विकत मिळतात. म्हणून सांगतो, काम झालं की खोकं तिथेच फाडा, नाहीतर घरी आणा. गॅरेजमध्ये ठेवू नका. मागे ठेवलेलं खोकं पुढच्या गिऱ्हाइकाला ‘ओरिजिनल’ दाखवायच्या कामी येतं.

पॅड पहिल्या आठवड्यातच किंचाळायला लागले. गॅरेजवाला म्हणाला, ‘नवीन आहेत, बसतील.’ मग पसरणी घाट उतरताना जळका वास यायला लागला, पेडल दगडासारखं झालं, कितीही दाबलं तरी गाडी हवी तशी थांबेना. मागे आई आणि मुलगी बसलेली. दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेकला हात ठेवून वाईत पोचलो. तिथल्या मेकॅनिकने चाक काढलं. एका पॅडचं मटेरियल लोखंडी प्लेटपासून सुटायला लागलं होतं. प्लेटवर ना मेकचं नाव, ना बॅच नंबर. पॅड झिजल्यावर डिस्कला घासून आवाज करणारी पत्रीही नाही. त्याने ओळखीच्या मेकचे आफ्टरमार्केट पॅड १,४५० ला टाकले, मजुरी ४०० घेतली आणि न मागता पक्कं बिल दिलं. ते पॅड आजही शांत चालतात. म्हणजे ‘ओरिजिनल’च्या नावाखाली दिलेल्यापेक्षा ९०० रुपयांनी स्वस्त.

क्लचचं काय, ते देवाला ठाऊक. उघडून बघायचं तर ३,२०० मजुरी. तसाच चालवतोय.

पक्क्या बिलाबद्दल गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, ‘मालावर अठरा टक्के जीएसटी वर पडेल, ३,०३३ रुपये.’ हाही खोटेपणाच. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, एमआरपी घेऊन वर जीएसटी मागताच येत नाही. असं कोणी बोललं की तिथेच गाडीची किल्ली परत मागा.

जुने पार्ट मागितले तर ‘भंगारवाला घेऊन गेला’. काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा, जुने पार्ट माझ्यासमोर डिकीत ठेव.

चौकीत गेलो. पहिला प्रश्न, बिल कुठंय? वहीचं पान दाखवलं. ‘यावर तर नावच नाही. हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा.’ अहो, नकली माल कंपनीच्या नावाने विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे! ‘मग कंपनीने तक्रार द्यावी.’ कंपनीच्या कस्टमर केअरला फोटो पाठवले. उत्तर आलं की काम अधिकृत केंद्रात झालेलं नसल्याने मदत करता येत नाही, आणि शेवटी, आपला अनुभव पाच पैकी किती गुण? ज्यांच्या नावाने हा धंदा चाललाय त्यांनाच पडलेलं नाही! एका सरकारी कार्यालयात लेबलचे फोटो घेऊन गेलो, तर खिडकीवरचा म्हणाला, खोकं खरं आहे ना, मग लेबलात दोष नाही. खोकं खरं आहे हीच तर माझी तक्रार आहे! तिघांकडेही नियम होता, आणि तिघांच्याही नियमात मी बसत नव्हतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, ऑनलाइन होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे त्याचं वहीचं पान त्याच्यावरच उलटतंय. पैसे यूपीआयने दिले होते म्हणून पुरावा तरी आहे, रोख दिले असते तर तेही नाही. वाईहून काढलेले पॅड पिशवीत बांधून ठेवलेत, तुम्हीही असा माल चिडून फेकून देऊ नका.

नोटीस पोचल्यावर गॅरेजवाल्याने सोसायटीतल्या एकामार्फत निरोप पाठवला, ६,००० घ्या आणि मिटवा. मी २१,३५० आणि वाईचे १,८५० सांगितलेत. त्याखाली एक रुपया कमी करणार नाही.