स्कोपमधली डॅलस काढून एफरॅम बसवली, काही महिन्यांनंतरचा अनुभव

टेक्ट्रॉनिक्स २४६५बी, ४०० मेगाहर्ट्झचा ॲनालॉग स्कोप, म्हणजे ऑसिलोस्कोप, विद्युत सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र. कॅलिब्रेशनचे आकडे (मोजमाप अचूक ठेवणारे) डॅलस कंपनीच्या डीएस१२२५ मेमरी चिपमध्ये, आणि तिची लिथियम बॅटरी चिपच्या पोटातच सील केलेली. कंपनी १० वर्षं डेटा टिकेल म्हणते, माझ्या चिपवरचा डेट कोड (बनवल्याची तारीख) त्याच्या कितीतरी आधीचा होता, म्हणजे बोनसवरच चालू होतं सगळं. बॅटरी गेली की स्कोप मरत नाही, पण कॅलिब्रेशन उडतं, आणि ते परत करायला लागणारी साधनं घरी कोणाकडे असतात?

म्हणून जिवंत असतानाच डिसोल्डर करून प्रोग्रामरवर (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर) वाचली, दोनदा वाचून फाईली जुळवल्या, मग तोच डेटा एफएम१६डब्ल्यू०८ मध्ये लिहिला. ही एफरॅम, म्हणजे वीज गेली तरी डेटा धरून ठेवणारी मेमरी, ८ केबी, बॅटरीच नाही. फक्त एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर सोल्डर होणारी) येते म्हणून २८ पिनचा ॲडॅप्टर लागतो. बोर्डवर टर्न्ड पिनचं चांगलं सॉकेट लावलं, सोल्डरिंगचा वेळ सगळा जुनी चिप बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक न उचलता काढण्यातच गेला.

तेव्हापासून स्कोप आठवडे आठवडे बंद पडून राहिलाय, चालू केला की सेटिंग जिथल्या तिथे, सेल्फ टेस्टला एकदाही कुरकुर नाही. नवीन डॅलस टाकली असती तर पुन्हा तेच घड्याळ सुरू झालं असतं, म्हणून मला हेच पटतं.

पण डोळे झाकून कुठल्याही मशीनला लावू नका. एफरॅमला ॲड्रेस लॅच करायला (पकडून ठेवायला) प्रत्येक ॲक्सेसला चिप एनेबल (चिप जागी करणाऱ्या पिनचा सिग्नल) वर-खाली व्हावा लागतो, ज्या सर्किटमध्ये ती पिन कायम ग्राउंडला बांधलीय तिथे ही चालणारच नाही. दुसरं, डॅलसची चिप सप्लाय साडेचार व्होल्टच्या आसपास आला की स्वतःच रायटिंग बंद करते, ही मात्र २.७ व्होल्टपर्यंत लिहून घेते, त्यामुळे पॉवर जाताना प्रोसेसर भरकटला तर कॅलिब्रेशनवर कचरा लिहिला जाऊ शकतो. सप्लाय घसरताच प्रोसेसर थांबवणारं रीसेट सर्किट नीट असेल तर काळजी नाही, माझ्याकडे अजून तरी तसं झालं नाही. तरी मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवलीय. आणि जुन्या डीआयपी पॅकेजातल्या (थेट सॉकेटात बसणाऱ्या) एफएम१६०८ एफरॅम स्वस्तात दिसल्या तरी बहुतेक काढलेला किंवा नकली माल असतो, घेतल्यावर पूर्ण लिहून, पॉवर काढून, परत वाचून बघा.