हब नटच्या नावाखाली काय गळ्यात मारतात

ट्रकच्या मागच्या चाकाचं हब, म्हणजे बेअरिंगवर फिरणारा मधला भाग, उघडलं की मिस्त्री हमखास सांगतो, "नट गेलाय, लॉक वॉशरपण (नट फिरू न देणारी चकती) बदलून टाकू." बहुतेक वेळा ते खरंच असतं. गंडवलं जातं ते पुढे, नवा नट येतो तेव्हा.

एका दहाचाकी गाडीला असाच 'ओरिजिनल' हब सेट बसला. खोका कंपनीच्या नावाचा, सीलबंद. नट पिवळ्या प्लेटिंगचा, चकचकीत. काही दिवसांत ऑइल सील गळून ग्रीस ब्रेक लायनरवर आलं आणि त्या चाकाचा ब्रेक लागेना. हब उघडल्यावर नट नीट पाहिला, तर कोपऱ्यावर छिन्नीचे जुने घाव होते आणि घावाच्या आतही पिवळं प्लेटिंग होतं. नव्या नटावर घाव पडला तर आत उघडा धातू दिसतो. आत प्लेटिंग दिसलं म्हणजे घाव आधीचा, प्लेटिंग नंतरचं. भंगारातला नट ॲसिडमध्ये धुऊन, बफ मारून, प्लेटिंग करून खोक्यात भरला होता. बिलावर फक्त 'हब किट 1 सेट'. ना पार्ट नंबर, ना कंपनी.

हा नट किरकोळ वाटतो म्हणूनच हे खपतं. ट्रकचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग असतो. शाफ्ट चाक फक्त फिरवतो, वजन पेलत नाही. हब, ड्रम आणि दोन्ही टायर स्पिंडलवर (एक्सल हाउसिंगच्या टोकाच्या नळीवर) धरून ठेवतो तो हा नट आणि त्याचं लॉक. बेअरिंगचा प्लेही, म्हणजे ढिलेपणाही, तोच ठरवतो. नट सरकला तर प्ले वाढतो, सील गळतं, आणि शेवटी चाक ड्रमसकट बाहेर येतं.

दुसरा प्रकार कच्च्या लोखंडाच्या नटाचा. हीट ट्रीटमेंट केलेली नसते, त्यामुळे बॉक्स पाना लावला की कोपरे गोल होतात आणि वॉशरला टेकणारा चेहरा दबतो. दुकानातच कोपऱ्यावर बारीक कानस फिरवा. जुन्या अस्सल नटावर कमी चावते आणि नव्यावर कचकच माती कापल्यासारखी चालते, तर तो नट परत करा. चेहरा आट्यांशी काटकोनात नसेल तर तेही वाईट. वरचा लॉक नट आवळला की आतला नट तिरका बसतो आणि जमवलेला प्ले बिघडतो. नट हाताने स्पिंडलवर चढवून वॉशरला टेकवा, भोवती फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) फिरवा. एका बाजूला पान जातं आणि समोर जात नाही, तर नट वाकडा आहे.

तिसरी आणि सगळ्यात जास्त चालणारी थाप: "सगळ्या गाड्यांना हाच बसतो." व्यास सारखा असला तरी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.5 आणि 2 मिलिमीटर असा वेगळा असू शकतो. दोन आटे हाताने जातात, मग अडकतो. तिथे मिस्त्रीने हातोडा उचलला की स्पिंडलचे आटे गेलेच, आणि हाउसिंगचा खर्च नटाच्या कित्येक पट. पिच गेज स्वस्त मिळतो, खिशात ठेवा. जुना नट दुकानात न्या, फोटो पाठवून भागत नाही.

पुढच्या एक्सलला कॅसल नट (स्प्लिट पिन घालायला वर खाचा असलेला नट) असेल तर खाचा मोजा. सहा खाचा, स्टब एक्सलला (ज्यावर पुढचं चाक बसतं त्या दांड्याला) पिनसाठी एकच आरपार भोक आणि पिच 1.5 असेल, तर एक खाच सरकवली की नट 0.25 मिलिमीटर हलतो. भोकं काटकोनात दोन असतील तर 0.125. प्लेची मर्यादाच साधारण 0.025 ते 0.127 मिलिमीटर. खाचा चुकीच्या असल्या की स्प्लिट पिन घालण्यासाठी नट हवा तसा फिरवला जातो, आणि बेअरिंग एक तर जाम होतं नाही तर ढिलं राहतं. जाम झालं तर रोलर निळे पडतात, ग्रीस जळतं.

लॉक वॉशरमध्ये तर सर्रास लबाडी चालते. नव्याचे पैसे लावतात आणि जुन्याचीच चावी, म्हणजे नटावर वाकवायची जीभ, परत वाकवतात. एकदा वाकलेली चावी पुन्हा वाकवली की मुळाशी चीर पडते. काढलेला वॉशर ताब्यात घ्या.

बसवताना समोर उभं राहा. छिन्नी-हातोड्याने नट आवळू देऊ नका. हब फिरवत टॉर्क पान्याने आवळून बेअरिंग बसवायचं, मग ढिलं करून कंपनीच्या मॅन्युअलच्या आकड्यावर आणायचं. लॉक नट आवळून झाल्यावर डायल गेजने (मिलिमीटरचे बारीक भाग मोजणाऱ्या घड्याळाने) प्ले पुन्हा बघायचा. टायर हलवून 'ठीक आहे' म्हणणं हे मोजमाप नव्हे.

बेअरिंगलाही हीच काळजी. एसकेएफ या बेअरिंग कंपनीचं 'ऑथेंटिकेट' ॲप आहे, त्यावर फोटो पाठवून खरं-खोटं विचारता येतं.

फसलातच तर नट, खोका, जुना वॉशर आणि बिल जपून ठेवा. बनावट ट्रेडमार्कचा माल विकणं 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 104 खाली गुन्हा आहे. एकच गाडी स्वतः चालवून पोट भरणारा मालक 2019 च्या ग्राहक कायद्यात ग्राहक धरला जातो, मोठा ताफा असणारा सहसा नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत जा. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही.