शाळेत मॅन्डरिन: चिनी भाषा-सहायक, मुंबईतील शिक्षक की पडद्यावरचे तास?

मुंबईतील ज्या शाळेला मॅन्डरिनचे, म्हणजे प्रमाण चिनी भाषेचे, वर्ग सुरू करायचे आहेत किंवा चालू वर्ग बळकट करायचे आहेत, तिच्यासमोर साधारण तीन वाटा असतात. मॅन्डरिन ही मातृभाषा असलेल्या एखाद्या तरुण भाषा-सहायकाला वर्षभर शाळेत ठेवून घ्यायचे, ही भाषा इथेच शिकून तयार झालेला शिक्षक नेमायचा, किंवा परदेशातील सहायकाला पडद्यावरून वर्गात आणायचे. विश्वस्तांच्या बैठकीत हा विचार बहुधा खर्चापासून सुरू होतो. मला तो वर्गात प्रत्यक्ष काय घडते, तिथून सुरू करावासा वाटतो, कारण या तिघांचे काम मुळात एकसारखे नाही.

भाषा-सहायक म्हणजे शिक्षक नव्हे. ज्या देशांत ही पद्धत रुळली आहे, तिथे सहायक शिक्षकाच्या सोबतीने चार-पाच मुलांच्या गटाला बोलते करतात, उच्चार तपासतात आणि सणवार, खाणेपिणे, रोजचे व्यवहार वर्गात आणतात. सहायक बहुधा नुकतेच पदवीधर झालेले किंवा अजून शिकत असलेले असतात. त्यांच्याकडून पाठनियोजन, पेपर तपासणी आणि चाळीस मुलांच्या वर्गाची शिस्त यांची अपेक्षा ठेवणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे आणि मुलांवरही.

त्यांचे खरे बळ कानात आहे. मॅन्डरिनमध्ये चार सूर आणि एक हलका, अनाघाती उच्चार असतो. ‘माइ’ हा शब्द तिसऱ्या सुरात म्हटला तर ‘विकत घेणे’ आणि चौथ्या सुरात म्हटला तर ‘विकणे’ असा अर्थ होतो. चुकलेला सूर सहायकाच्या कानाला तत्क्षणी खटकतो आणि मुलाला तो तिथल्या तिथे दुरुस्त करून मिळतो. मात्र ‘नी हाव’मधील दोन्ही अक्षरे मुळात तिसऱ्या सुराची असताना पहिले दुसऱ्या सुरात का म्हणायचे, असे विचारले तर अनेक सहायक गोंधळून जातात. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे का, हे आपल्यापैकी किती जणांना पटकन सांगता येईल?

इथेच मराठी जाणणाऱ्या शिक्षकाची बाजू भक्कम होते आणि हा मुद्दा निर्णय घेताना फारच कमी वेळा विचारात घेतला जातो. चीनने 1958 साली स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन लेखनपद्धतीत ‘बी’ या अक्षराचा उच्चार ब नसून प-सारखा आहे आणि ‘पी’चा महाप्राण फ-सारखा, त्याचप्रमाणे ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे त आणि थ यांच्या जवळचे, तर ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे क आणि ख यांच्या जवळचे ध्वनी आहेत. ‘जे’ हे अक्षर ‘चार’मधल्या च-कडे झुकते आणि ‘झेड’ हे ‘चाक’मधल्या च-कडे. आपण ‘बीजिंग’ लिहितो ते नाव प्रत्यक्षात ‘पेइचिंग’सारखे ऐकू येते. देवनागरी वाचणाऱ्या मुलाच्या जिभेवर हे भेद आधीच आहेत. रोमन अक्षरे इंग्रजी वळणाने वाचायला लावून आपण ते पुसून टाकतो. चांगला स्थानिक शिक्षक हे एका तासिकेत उलगडून दाखवतो, आणि ज्या मुलांना आपली मराठी शाळेत निरुपयोगी वाटत असते त्यांचे चेहरे त्या तासाला पाहण्यासारखे असतात.

स्थानिक शिक्षकाची अडचण दुसरी आहे. वर्षानुवर्षे मॅन्डरिन बोलायला कोणी भेटले नाही की त्याचे स्वतःचे सूर बोथट होतात आणि बोली पाठ्यपुस्तकी होते. म्हणून सहायक आला तर पहिला लाभ शिक्षकाला होतो, आणि सहायक मायदेशी परतल्यावरही हा लाभ शाळेत टिकतो.

निवड करताना मातृभाषक म्हणजे प्रमाण उच्चार असे गृहीत धरू नये. दक्षिण चीनमधील आणि तैवानमधील अनेकांच्या बोलण्यात मूर्धन्य आणि दंत्य ध्वनी एकमेकांत मिसळतात. चीनमध्ये 1994 पासून प्रमाणभाषेच्या उच्चाराची परीक्षा घेतली जाते. तिच्या तीन श्रेणी असून प्रत्येकीचे अ आणि ब असे दोन भाग आहेत. चीनमधून येणाऱ्या उमेदवाराकडे निदान दुसऱ्या श्रेणीच्या अ भागाचे प्रमाणपत्र मागावे. तैवानचा उमेदवार पारंपरिक अक्षरलिपीत वाढलेला असतो, तर मुलांच्या हातातले पुस्तक बहुधा सुलभ लिपीत असते. याची स्पष्टता आधीच करून घ्यावी. मुंबईतील जुन्या चिनी कुटुंबांकडे वळण्याची सूचनाही कधीकधी येते. परंतु माझगावचे 1919 सालचे चिनी मंदिर ज्या समाजाने बांधले, त्याची बोली कँटोनीज, आणि ती मॅन्डरिनपेक्षा इतकी वेगळी आहे की तिच्या आधाराने हा वर्ग चालणार नाही.

यजमानपदाचा भार मात्र खरोखरच मोठा आहे. पर्यटक व्हिसावर कोणालाही शिकवायला उभे करता येत नाही. एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी जी किमान पगाराची अट असते, तिच्यातून इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या शिक्षकांना सूट दिलेली आहे, ही शाळांच्या सोयीची गोष्ट. तरीही 2020 नंतर चिनी नागरिकांच्या अर्जांची छाननी कडक झाल्यामुळे कित्येक महिने हाताशी ठेवावेत. परदेशी पाहुणा राहायला आल्यापासून 24 तासांत घरमालकाने किंवा संस्थेने त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते आणि मुक्काम 180 दिवसांहून अधिक असेल तर 14 दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावा लागतो, आणि त्याआधी परदेशी भाडेकरूला होकार देणारी, स्वयंपाकघरात काय शिजते याबद्दल हरकत न घेणारी सोसायटी शोधावी लागते. खोली शाळेच्या जवळच हवी. बावीस वर्षांच्या परक्या मुलीला पहिल्याच पावसाळ्यात गर्दीच्या वेळच्या लोकलवर सोपवू नये. मायदेशातील पोलिसांचा चारित्र्य दाखला घ्यावा, पॉक्सो कायद्याची माहिती पहिल्याच आठवड्यात द्यावी आणि मुलांसोबतच्या प्रत्येक तासाला शाळेचा शिक्षक जवळपास असावा.

पडद्यावरच्या तासांना यातले काहीच लागत नाही आणि वेळेचे गणितही जुळते. चीन व तैवान आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहेत, त्यामुळे सकाळी 8 चा तास तिकडे साडेदहाला पडतो. मात्र चाळीस मुलांसमोर एक पडदा लावला तर सूर शिकण्यासाठी त्याचा काहीही उपयोग होत नाही. चार मुले आणि चांगले हेडफोन असतील तरच तो पैसा सार्थकी लागतो. सहायक चीनमध्ये असेल तर गुगल मीट गृहीत धरू नये, कारण गुगलच्या सेवा तिथे बंद आहेत.

शाळा कशासाठी मॅन्डरिन शिकवते, यावरही निवड अवलंबून आहे. एचएसके या चिनी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर ऐकणे आणि वाचणे तपासले जाते. बोलण्यासाठी एचएसकेके ही वेगळी परीक्षा आहे. केवळ प्रमाणपत्र हवे असेल तर सहायकाचे मुख्य बळ वाया जाईल. राज्य मंडळाच्या शाळेत मराठी, हिंदी आणि इंग्रजीनंतर मॅन्डरिनला आठवड्यातून एक-दोन छंदतासिकाच मिळतात. तेवढ्यासाठी पूर्णवेळ सहायक आणू नये. आयबी किंवा आयजीसीएसई या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळेत, जिथे तोंडी परीक्षा असते आणि मुले सलग काही वर्षे ही भाषा घेतात, तिथे चित्र बदलते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मधील परदेशी भाषांच्या उल्लेखात चिनी नाही, हेही पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगावे.

माझे मत असे की शाळेत मॅन्डरिनचा शिक्षक नसेल तर सहायकाचा विचारच करू नये. पहिल्या वर्षी शिक्षक नेमावा, दुसऱ्या वर्षी छोट्या गटांसाठी पडद्यावरचे तास जोडावेत, आणि मुले दोन वाक्ये स्वतःहून बोलू लागली की तिसऱ्या वर्षी सहायकाला बोलवावे. चीनमधील विद्यार्थी जूनच्या सुमारास पदवीधर होतात, म्हणून त्यांना ऑगस्टमध्ये मुंबईत आणण्याची तयारी ठेवावी आणि निवडीच्या मुलाखती आधीच्या दिवाळीनंतर लगेच घ्याव्यात.