१८ हजारांचा फोन, चादरीचा धंदा आणि सोलापूरचं ऊन: दिवाळीपासूनचा अनुभव

मॉडेलचं नाव लिहीत नाहीये. वर्षभरात तोच फोन नवं नाव आणि मागे नवा रंग घेऊन परत येतो, त्यामुळे नावाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. किंमत साधारण १८ हजार, ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, अमोलेड स्क्रीन (रंग गडद दाखवणारी, एलसीडीपेक्षा महाग), प्लास्टिकची पाठ, धूळ-पाणी सोसण्याचं आयपी६४ मानांकन. दिवाळीत नवी पेठेतून घेतला, आता पावसाळा चालू आहे.

वापर आधी सांगते, कारण सगळं त्यावरच ठरतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माग ह्यांच्याकडे, ऑर्डरी माझ्याकडे. दिवसभर डिझाइनचे फोटो पाठवणे, यूपीआय, ई-वे बिल (माल गाडीत भरून पाठवतानाचा जीएसटीचा कागद) आणि फोन, फोन, फोन. गेम खेळत नाही. रील बघते, पण ते कुठल्याही फोनवर दिसतात.

दुकानातला मुलगा मला बघितल्याबरोबर म्हणाला, "मॅडम, हा घ्या, सेल्फी एक नंबर, ब्यूटी मोड आहे, पिंक कलर पण आहे." मी विचारलं, फोन कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते ती खऱ्या सेन्सरनं की सॉफ्टवेअरच्या अंदाजानं? त्यानं मालकांना हाक मारली.

हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये प्रॉक्झिमिटी सेन्सर, म्हणजे कान जवळ आल्याचं ओळखणारा सेन्सर, हा वेगळा भाग नसतोच. फोन कसा उचलला, कसा धरला यावरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. अंदाज चुकला की बोलता बोलता गालानं म्यूट दाबला जातो आणि समोरचा व्यापारी "हॅलो, हॅलो" करत बसतो. दुकानातच घरी फोन लावायचा, फोन टेबलावर ठेवून वरच्या कडेवर तळहात धरायचा. स्क्रीन लगेच काळी झाली आणि हात काढताच उजळली, तर बहुतेक सेन्सर खरा. पेटीवर ही गोष्ट छापलेली नसते. माझ्या फोनमध्ये सेन्सर खरा आहे आणि इतक्या महिन्यांत त्यानं एकदाही त्रास दिलेला नाही.

समोर किमतीच्या तीन पायऱ्या होत्या. १२ हजारांच्या फोनमध्ये साधी एलसीडी स्क्रीन आणि ईएमएमसी हे जुन्या, हळू प्रकारचं स्टोरेज. २८ हजारांच्यात काचेची पाठ, वळवलेली स्क्रीन, आयपी६८ आणि ओआयएसवाला, म्हणजे हात हलला तरी फोटो सांभाळून घेणारा कॅमेरा. मधला माझा, यूएफएस २.२ या वेगवान स्टोरेजवाला. स्टोरेजचा फरक पहिल्या आठवड्यात कळत नाही. व्हॉट्सअॅपमध्ये हजारो डिझाइनचे फोटो साठले आणि गॅलरी उघडायला लागलो की कळतो. यूएफएस वाचायला ईएमएमसीच्या तीन-चार पट वेगवान असतं, म्हणून रॅम ८ जीबी की १२ जीबी यापेक्षा आधी हे विचारा. "८ अधिक ८ जीबी" असं लिहिलेलं असतं त्यातले दुसरे ८ म्हणजे स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली जागा. त्याला पैसे मोजायचं कारण नाही.

काचेची पाठ हातात घेतली की भारी वाटतं, हे मान्य. मग तिच्यावर दीडशे रुपयांचं कव्हर चढतं आणि सगळा भारीपणा आत जातो. आमच्याकडे खाली शहाबादी फरशी. फोन पडलाय, अनेकदा. प्लास्टिकच्या कोपऱ्यांवर ओरखडे आलेत, फुटलं काही नाही. वळवलेल्या स्क्रीनला धड स्क्रीनगार्ड बसत नाही आणि एका हातात गठ्ठ्याची पावती धरून दुसऱ्या हातानं टाइप करताना कडेला भलतंच दाबलं जातं. मला सपाटच हवी होती.

धुळीचं जरा सविस्तर सांगते, कारण ते आमचं रोजचं दुखणं आहे. आयपी६४ मधला ६ म्हणजे फोनच्या अंगात धूळ शिरत नाही, ४ म्हणजे उडणारं पाणी सोसतो. आयपी६७ असेल तर १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही साध्या स्वच्छ पाण्यात. आणि आकडा कुठलाही असो, पाण्यानं फोन गेला तर बहुतेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत. पण धूळ अंगात शिरत नसली तरी चार्जिंगचं भोक उघडंच असतं ना. मार्चमध्ये केबल नीट बसेना, हलवली की चार्जिंग तुटायचं. मला वाटलं पोर्ट गेला. टॉर्च मारून बघितलं तर आत सुताची बारीक रुई दाबून दाबून नमद्यासारखी घट्ट झालेली, प्रत्येक वेळी केबल घालताना आपणच ठासलेली. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं कडेकडेनं उकरलं तेव्हा एक अख्खी करडी वडीच बाहेर आली. सुई किंवा पिन घालू नका, आतल्या पट्ट्या खराब होतात. आता हे काम महिन्याला ठरलेलं आहे.

स्क्रीनची काच किल्लीनं चरत नाही, वाळूनं चरते. वाळूतलं क्वार्ट्झ मोहस्केलवर, म्हणजे कठीणपणाच्या १ ते १० च्या मापावर, ७ ला असतं, आणि फोनच्या काचेवर साधारण ६-७ पासून चरे उठायला लागतात, मग ती कितीही नावाजलेली असो. पर्समध्ये रस्त्याची धूळ असतेच. म्हणून टेम्पर्ड काच लावली. फिंगरप्रिंट बाजूच्या बटणात आहे, तोही मुद्दाम बघून घेतला, कारण स्क्रीनखालचे ऑप्टिकल सेन्सर जाड काचेतून कुरकुर करतात. तरी सूत हाताळून बोटं कोरडी पडलेली असली की हिवाळ्यात हाही रुसायचा. उजव्या अंगठ्याची दोनदा नोंद केली तेव्हा जरा ताळ्यावर आला.

ऊन. पेटीवर "पीक ब्राइटनेस" म्हणून मोठा आकडा छापतात. तो बहुधा स्क्रीनच्या लहानशा भागापुरता आणि थोड्या वेळापुरता असतो. विचारायचा तो भर उन्हात अख्ख्या स्क्रीनला मिळणारा उजेड. माझी स्क्रीन मे महिन्यात ट्रान्सपोर्टच्या गोदामासमोर पहिली काही मिनिटं छान दिसायची, मग फोन तापला की स्वतःच मंद व्हायची. हे फक्त स्वस्त फोनचं नाही. अॅपल स्वतःच आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा म्हणून सांगते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच चाळिशी ओलांडते. पत्र्याच्या शेडखाली चार्जिंगला लावला की वेग निम्म्यावर येतो. उपाय साधा: चार्जिंगच्या वेळी कव्हर काढा, आणि ते काम सकाळी घरीच उरका. ५,००० एमएएचची बॅटरी मला रात्रीपर्यंत पुरते, त्यामुळे तक्रार नाही.

आता कॅमेरा. लाल रंग हा आमच्या धंद्याचा जीव. हुबळीच्या एका जुन्या गिऱ्हाइकांचा फोन आला, "अक्का, फोटोत लाल भडक होतं की, गठ्ठा फोडला तर मरून निघालं." चादर आणि फोन शेजारी धरून बघितलं, तर खरंच फोटोतला लाल वेगळाच. कॅमेऱ्यातलं एआय रंग चढवतं, आणि त्यावर स्क्रीनचा "व्हिव्हिड" मोड आणखी चढवतो. एआय बंद केलं, स्क्रीन "नॅचरल"वर टाकली, फोटो दारातल्या सावलीत काढायला लागले. तेव्हापासून रंगाची कुरबूर थांबली. दुकानात हाच व्हिव्हिड मोड लावून फोन मांडलेले असतात, म्हणून सगळे सुंदर दिसतात.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर ५० चा कॅमेरा चार-चार ठिपके एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो. सोबतचे २ मेगापिक्सेलचे डोळे शोभेचे. मला कमी पडलं ते ओआयएस. गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, होम मैदानावर दारूकामाचे फोटो काढले, सगळे हललेले. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली विणीचा जवळून फोटो काढतानाही हात टेकवावा लागतो. वरचे १० हजार ज्यात मुरतात त्यातली ही एकच गोष्ट मला खरंच हवी होती.

सॉफ्टवेअर कटकटीचं आहे. न मागितलेली अॅपं, लॉक स्क्रीनवर जाहिराती. पहिल्याच संध्याकाळी मुलीनं बसून बंद केल्या, तरी अपडेटनंतर काही परत उगवल्या. कॉल रेकॉर्डिंग सुरू केलं की समोरच्यालाही "रेकॉर्ड होत आहे" असं ऐकू जातं. तोंडी ऑर्डर टिपून ठेवायची सवय असलेल्यांनी हे आधी तपासा. अपडेटचं वचन दोन नव्या अँड्रॉइड आवृत्त्या आणि तीन वर्षं सिक्युरिटी अपडेट. गूगल आणि सॅमसंग वरच्या फोनना सात वर्षं देतात, पण त्या किमतीत आमच्या दोन कारागिरांचा पगार निघतो.

किमतीबद्दल दोन कामाच्या गोष्टी. बिल धंद्याच्या नावावर, जीएसटी नंबर टाकून घेतलं. १८ हजारांत १८ टक्क्यांनी साधारण २,७४५ रुपये कर बसतो, धंद्यासाठी घेतलेला असल्यानं तो इनपुटमध्ये, म्हणजे आम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळाला. आणि घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करून स्क्रीन बदलायचा दर विचारला. अमोलेड फुटली तर एलसीडीपेक्षा बरीच महाग पडते, आणि ऑफरमधली हजाराची सूट तिथं एका झटक्यात जाते.

कुणी म्हणेल, त्याच पैशात जुना वापरलेला भारी फोन येतो. येतो. पण एकदा उघडलेल्या फोनचं पाण्याचं सील पहिल्यासारखं राहीलच असं नाही, आणि बॅटरी किती थकलीय ते सांगणारा विक्रेता मला भेटला नाही. घ्यायचाच तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर, बघा आणि केवायएम (KYM) लिहून पुढे तो नंबर १४४२२ ला एसएमएस करा, चोरीचा किंवा ब्लॉक केलेला असेल तर कळतं.

पुढच्या महिन्यात सासऱ्यांना फोन घ्यायचाय. त्यांना हा घेणार नाही. ते उन्हात जात नाहीत, फोटो काढत नाहीत, दिवसभर भजनं ऐकतात आणि तेलुगूत मेसेज बोलून पाठवतात. त्यांना १२ हजारांतला मोठ्या आवाजाचा, हेडफोनचं भोक असलेला एलसीडी बास झाला. प्रॉक्झिमिटी मात्र तिथंही हात धरून बघणार.